बाराच्या पुढचे वाजले किती?

सतरा वर्षं फौजेत काढली. गावात परत आलो तसं लोक रेल्वेची तिकिटं घेऊन ओट्यावर यायला लागले. "हवालदारसाहेब, हे २१:४० म्हणजे नक्की किती?" रेल्वेची वेळ आणि फौजेची वेळ एकच. फक्त रेल्वे मध्ये दोन टिंबं देते, आम्ही देत नाही. १७२० लिहायचं आणि 'सतरा वीस' म्हणायचं.

वजाबाकी सोपी आहे. तासाचा आकडा तेरा किंवा त्याच्या पुढचा असेल तर बारा काढा. मिनिटांना हात लावू नका. पुण्याहून झेलम आमच्या वेळी १७२० ला सुटायची. सतरातून बारा गेले, राहिले पाच. संध्याकाळचे पाच वीस. तोंडी पटकन करायचं तर दहाचा एक झाका आणि उरलेल्या आकड्यातून दोन काढा. १५ चे तीन, १८ चे सहा. २० ते २३ ला ही युक्ती चालत नाही. ते आठ, नऊ, दहा आणि अकरा, पाठच करून टाका.

०१०० ते ११५९ मध्ये काहीच करायचं नाही, पुढचं शून्य असेल तर सोडून द्या. ०५३० ला पीटीचं फॉल-इन, म्हणजे पहाटे साडेपाच.

मराठी माणूस खरा अडतो तो पावणेला. १७४५ चे झाले पाच पंचेचाळीस, पण घरात आपण म्हणतो पावणेसहा. उलट जाताना सहा ऐकू येतात आणि हात १८ लिहून मोकळा होतो. रंगरूट असताना मी ड्यूटी रजिस्टरात असंच १८४५ लिहिलं होतं. त्याबद्दल मैदानावर जो रगडा मिळाला, त्यानंतर पावणे ऐकलं की आधी एक तास मागे जातो. तसंच १३१५ म्हणजे सव्वा, १३३० दीड, १४३० अडीच. १२४५ ला नुसतं पाऊण.

आता बारा. १२०० ते १२५९ मधून बारा काढायचे नाहीत. १२३० म्हणजे दुपारचे साडेबारा, पीएम. आणि ००३० म्हणजे रात्रीचे साडेबारा, एएम. इथे शून्याच्या जागी बारा घालायचे.

माझा पुतण्या इथेच फसला. तिकिटावर १४ तारीख, वेळ ००:२५. गडी १४ तारखेला रात्री जेवून, डबा बांधून साडेअकराला स्टेशनात हजर. टीसीने तिकीट पाहिलं आणि म्हणाला, "तुमची गाडी काल रात्रीच गेली." तासाभरात त्याच नावाची गाडी फलाटाला लागलीसुद्धा, पण ती १५ तारखेची. त्याच्या बर्थवर दुसरंच कुणी झोपलेलं. तारीख मध्यरात्री बदलते, आपण मात्र झोपून उठेपर्यंत 'आजची रात्र'च म्हणतो. १४ चे २४०० आणि १५ चे ०००० हा एकच क्षण. म्हणून आमच्या आदेशांत शून्य-शून्य शक्यतो टाळायचे, २३५९ किंवा ०००१ लिहायचे. वाद नको.

कधी वेळेच्या शेवटी झेड दिसला तर ती ग्रिनिचची वेळ, तिच्यात साडेपाच तास मिळवा. १२००झेड म्हणजे आपले १७३०. गावात याची गरज पडत नाही, पण नातू विचारतो.

मोबाईलमध्ये २४ तासांचं बटण बंद करता येतं, तेही करा. तिकिटावरचा आकडा मात्र तसाच राहतो. म्हणून ००:०१ ते ०३:०० च्या मधलं तिकीट आलं की मी त्याच्या पाठीवर पेन्सिलीने वेळ लिहीतच नाही. परवा शुक्रवारचं ००:४० चं एक आलं. त्यावर लिहून दिलं: 'गुरुवारी रात्री जेवून निघा.'