पेव्हर ब्लॉकखालची वाळू: पहिल्याच साइटवर झालेली चूक

नवीन होतो तेव्हा माझी समजूत अशी, की ब्लॉकखालची वाळू म्हणजे लेव्हल जुळवायची सोय. खडीच्या थरात एका कोपऱ्याला खळगा राहिला होता. मी तो वाळूनेच भरून काढला. वाळू कुठे 30 मिलिमीटर, तर तिथे 70. ब्लॉक बसल्यावर फरशी अगदी एकसारखी दिसली. गाड्यांची ये-जा सुरू झाली आणि नेमका तोच कोपरा खचला, पावसात तिथे डबकं साचू लागलं. जाड वाळू जास्त दबते, पातळ कमी. खाली झाकलेला खळगा असा वर येतो.

आता वाळूची गाडी रिकामी होण्याआधी मी खडीच्या थरावर दोरी धरतो. उतार काढायचा तो तिथेच. वाळू दबल्यावर 20 ते 40 मिलिमीटर, आणि सगळीकडे सारखी.

मग ती करते काय? ब्लॉकच्या जाडीतला किरकोळ फरक पोटात घेते, हे उघड आहे. खरी गंमत प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरून ब्लॉक खाली दाबणारं सपाट यंत्र) फिरताना होते. ब्लॉक थोडा रुततो, वाळू खालून सांध्यांत चढते, वरून आपण कोरडी बारीक वाळू झाडून भरतो. सांधे असे गच्च झाले की चाकाचा भार शेजारच्या ब्लॉकांवरही वाटला जातो. म्हणूनच वाळूची ही गादी आधी दाबायची नाही. दोन पाइप ठेवून पाट्याने ओढायची, सैल सोडायची आणि त्यावर पाय द्यायचा नाही. नवख्यांना (मलाही) हे उलटं वाटतं.

वाळू खरखरीत, कोनदार हवी. प्लास्टरची बारीक वाळू नको. दगडाची भुकटी किंवा माती असेल तर पाणी धरून ठेवते आणि चाकाखाली चिखल होऊन सांध्यांतून वर येते. ओलसर वाळूचा मुठीत गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. ओल सगळ्या ढिगात सारखी हवी, हे फार जण विसरतात.

कडेला कर्ब (ब्लॉकांना अडवणारा काठ) पक्का नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात, वाळूही निसटते.

कॉम्पॅक्टरची पहिली फेरी झाली की एखादा ब्लॉक उपसून बघा. वाळू सांध्यात बोटाच्या पेराएवढी चढलेली दिसली पाहिजे. मिस्त्री कुरकुरतो, कारण घट्ट बसलेला ब्लॉक सहज निघत नाही. मला तेवढी कुरकुर पुरते.