लोकल साइट आपोआप एचटीटीपीएसवर जाते आणि उघडत नाही: माझा अनुभव

विंडोजवर अपाची (वेब सर्व्हर) चालू, 'लोकलहोस्ट' (आपल्याच संगणकाचा पत्ता) नीट उघडतो. पण व्हर्च्युअल होस्टला (एकाच सर्व्हरवर वेगळ्या नावाने चालवलेल्या साइटला) दिलेलं 'माझीसाइट.डेव्ह' हे नाव टाकलं, की ब्राउझर स्वतःच पत्ता एचटीटीपीएस करतो आणि कनेक्शन नाकारल्याचं सांगतो.

कॅश पुसली, पोर्ट ८० तपासला, ब्राउझर बदलला, फरक शून्य. प्रचंड वैताग आला.

कारण सर्व्हरमध्ये नाहीच. '.डेव्ह' हे आता इंटरनेटवरचं खरं डोमेन आहे आणि ब्राउझरसोबतच येणाऱ्या एचएसटीएस यादीत (फक्त एचटीटीपीएसनेच उघडायच्या डोमेनची यादी) ते अख्खं आहे, म्हणून तिथे साधं एचटीटीपी चालत नाही. '.टेस्ट' मात्र १९९९पासून चाचणीसाठी राखीव आहे. लोकल कामाला तेच वापरावं.

आता क्रम. नोटपॅड 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडून होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या आयपी पत्त्यावर जायचं हे सांगणारी विंडोजची फाइल) १२७.०.०.१ म्हणजे आपल्याच संगणकाच्या पत्त्यापुढे 'माझीसाइट.टेस्ट' लिहा (सगळं रोमन लिपीत). मग व्हर्च्युअल होस्टच्या फाइलमध्ये 'सर्व्हरनेम' तेच करा. त्या फाइलमध्ये लोकलहोस्टचा ब्लॉक सगळ्यात वर हवा, नाहीतर लोकलहोस्टवरही हीच साइट दिसू लागते. मुख्य कॉन्फिग फाइलमधल्या व्हर्च्युअल होस्टच्या 'इन्क्लूड' ओळीपुढचं # काढा. कमांड प्रॉम्प्टवर 'एचटीटीपीडी -टी' चालवा; 'सिंटॅक्स ओके' आलं की मगच अपाची रीस्टार्ट करा. पहिल्यांदा पत्ता सुरुवातीच्या 'http://' सह पूर्ण टाका, नाहीतर ब्राउझर तो सर्च इंजिनमध्ये शोधायला निघतो.

साइट वर्डप्रेसवर असेल तर डेटाबेसच्या ऑप्शन्स टेबलमधले 'साइटयूआरएल' आणि 'होम' हेही बदला. ते राहिलं तर साइट पुन्हा जुन्या नावावरच जाते.