टीव्हीबरोबर रिसिव्हर आपोआप सुरू होत नाही : तपासणीला बसण्याआधीची तयारी

टीव्ही सुरू केला की त्याला जोडलेला ऑडिओ रिसिव्हरही (स्पीकरांना आवाज पुरवणारे यंत्र) आपोआप सुरू व्हावा, ही सोय एचडीएमआय केबलमधल्या एका नियंत्रण-तारेवर चालते, आणि ती बंद पडली की बहुतेक जण थेट नवी केबल आणायला किंवा रिसिव्हरच्या सगळ्या सेटिंग्ज पुसायला निघतात. त्याआधी थोडा वेळ तयारीला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या बिघाडाची कारणे अनेक असली, तरी लक्षणे नीट टिपून ठेवली तर त्यांतली बरीचशी केबलला हात न लावताच बाद होतात.

सर्वप्रथम तक्रार कागदावर नेमक्या शब्दांत लिहावी. टीव्ही बंद केल्यावर रिसिव्हर बंद होतो का? रिसिव्हर हाताने सुरू केला तर टीव्हीचा आवाज त्यातून येतो का, आणि टीव्हीच्या रिमोटवरील आवाजाच्या बटणांनी रिसिव्हरचा आवाज कमीजास्त होतो का? हा प्रकार रोज घडतो, की फक्त वीज जाऊन आल्यावर किंवा सकाळी पहिल्यांदा टीव्ही लावताना? टीव्हीचे स्वतःचे ॲप पाहताना आणि सेट-टॉप बॉक्स किंवा फायर टीव्ही स्टिक पाहताना फरक पडतो का? एवढी उत्तरे हाती असल्याशिवाय पुढे जाऊ नये. यातील आवाजाच्या बटणांची चाचणी मात्र टीव्हीच्या मूळ रिमोटनेच करावी, कारण फायर टीव्ही स्टिकचा रिमोट आणि अनेक सेट-टॉप बॉक्सांचे रिमोट आवाजासाठी स्वतःच इन्फ्रारेड किरण सोडतात. त्यांनी रिसिव्हरचा आवाज वाढला, तर त्यावरून एचडीएमआयच्या तारेबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

या प्रश्नांमागचे कारण समजून घेतले तर उत्तरांचा अर्थ लावणे सोपे जाते. एचडीएमआयच्या जोडणीत १३ क्रमांकाची पिन सीईसी नावाच्या नियंत्रण-व्यवस्थेसाठी राखलेली असते, आणि त्या एकाच तारेवर सर्व उपकरणे सेकंदाला सुमारे ४०० बिट इतक्या संथ गतीने एकमेकांना निरोप पाठवतात. प्रत्येक उपकरणाला त्याच्या कामानुसार एक क्रमांक मिळतो. टीव्हीचा ० आणि ध्वनिप्रणालीचा ५. टीव्ही बंद होताना ‘सर्वांनी स्टँडबायमध्ये जावे’ अशी एकच आज्ञा सगळ्यांना उद्देशून सोडतो, आणि ऐकणारा कोणीही ती पाळू शकतो. सुरू होतानाचा मार्ग वेगळा आहे. तेव्हा टीव्ही ५ क्रमांकाच्या पत्त्यावर ‘आवाजाची जबाबदारी घे’ अशी खास विनंती पाठवतो, आणि ती ऐकून रिसिव्हर जागा होतो. म्हणजे ती विनंती पाठवण्याइतकी टीव्हीची खात्री असली पाहिजे की आवाज बाहेरच्या प्रणालीतूनच द्यायचा आहे. ‘बंद होताना दोन्ही एकत्र बंद होतात, पण सुरू होताना होत नाहीत’ अशी तक्रार असेल, तर तार आणि पिन शाबूत आहेत असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते, आणि लक्ष टीव्हीच्या ध्वनी-मेनूकडे वळवावे.

त्या मेनूत आवाज कोणत्या मार्गाने बाहेर जायचा याचा पर्याय असतो. तो ‘टीव्ही स्पीकर’वर राहिला असेल तर टीव्ही रिसिव्हरला हाक मारणारच नाही. कुणी रात्री उशिरा हळू आवाजात बातम्या पाहण्यासाठी टीव्हीचे स्पीकर निवडले, किंवा ब्लूटूथ हेडफोन जोडले आणि ते तसेच जोडलेले राहिले, तर दुसऱ्या दिवशी रिसिव्हर गप्प राहण्यात बिघाड काहीच नसतो. तपासणीच्या दिवशी घरातले सर्व ब्लूटूथ हेडफोन बंद ठेवावेत आणि हा पर्याय ‘रिसिव्हर’ किंवा ‘एचडीएमआय आर्क’ (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसिव्हरकडे नेणारी सोय) असा मुद्दाम पुन्हा निवडून पाहावा. निवडल्याक्षणी रिसिव्हर जागा झाला, तर सीईसी काम करते आहे आणि प्रश्न फक्त टीव्ही सुरू होतानाच्या क्षणाचा आहे, एवढे निश्चित होते.

आता जे लक्षण सर्वात जास्त फसवते त्याविषयी. ‘हाताने सुरू केला की आवाज झकास येतो, म्हणजे जोडणी ठीक आहे’ हे विधान जुन्या आर्क पद्धतीत बहुतांशी खरे होते, कारण २००९च्या एचडीएमआय १.४मध्ये आलेली आर्क पद्धत आवाजाचा मार्ग उघडण्यासाठी सीईसीचाच आधार घेते. २०१७च्या एचडीएमआय २.१मध्ये ई-आर्क हे आर्कचे सुधारित रूप आले आणि त्याने हा मार्ग ठरवण्यासाठी स्वतःची वेगळी वाहिनी ठेवली. त्यामुळे ई-आर्कवर सीईसी पूर्ण बंद असतानाही उत्तम आवाज येऊ शकतो, पण रिसिव्हरला जागे करणे आणि टीव्हीच्या रिमोटने आवाज बदलणे ही कामे सीईसीकडेच राहतात. तेव्हा दोन्ही उपकरणांवर ई-आर्कचे सेटिंग कोणत्या स्थितीत आहे हे आधीच टिपून ठेवावे. गरज पडल्यास ते तात्पुरते बंद करून साध्या आर्कवर चाचणी घेता येते, आणि तेव्हा आवाजच नाहीसा झाला तर संशयाची सुई सीईसीवर स्थिर होते. जोडणी ऑप्टिकल केबलने केलेली असेल तर या सगळ्याचा प्रश्नच येत नाही, कारण त्या केबलमधून फक्त आवाज जातो, आज्ञा जात नाही.

सेटिंग्ज शोधायच्या तर दोन्ही उपकरणांच्या मागील स्टिकरवरचे पूर्ण मॉडेल क्रमांक फोनवर टिपून त्यांच्या पुस्तिका आधीच उतरवून घ्याव्यात. याला कारण आहे: सीईसी हे नाव मेनूत क्वचितच आढळते. सॅमसंग त्याला ‘ॲनीनेट प्लस’ म्हणते, एलजी ‘सिम्पलिंक’, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’, पॅनासॉनिक ‘व्हिएरा लिंक’, फिलिप्स ‘ईझीलिंक’. यामाहा आणि डेनॉन यांच्या रिसिव्हरांत ते ‘एचडीएमआय कंट्रोल’ या साध्या नावाने सापडते. ही सोय चालू असताना रिसिव्हर स्टँडबायमध्ये थोडी अधिक वीज घेतो, आणि अनेक रिसिव्हर ती बंद ठेवूनच खोक्यातून बाहेर येतात. टीव्हीत मुख्य बटणाखाली उपकरणे आपोआप सुरू करण्याची आणि बंद करण्याची वेगवेगळी उप-बटणे असू शकतात, म्हणून मुख्य बटण चालू दिसल्यावर समाधान मानू नये. प्रत्येक पडद्याचा फोटो काढून ठेवावा. सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर किंवा टीव्ही मूळ स्थितीत आणल्यावर ही बटणे पूर्ववत होऊ शकतात, तेव्हा बिघाड सुरू होण्याच्या सुमारास असे काही घडले होते का, हेही त्याच कागदावर लिहावे.

आपल्याकडच्या घरांत एक गोष्ट परदेशी पुस्तिकांपेक्षा अधिक महत्त्वाची ठरते, ती म्हणजे भिंतीवरच्या स्विचबोर्डाची सवय. रात्री झोपताना टीव्हीचे बटण बोर्डावरून बंद करणे हा काटकसरीचा आणि विजांच्या दिवसांत सावधगिरीचा भाग असतो, आणि मी ती सवय सोडा असे म्हणणार नाही. पण सीईसी फक्त स्टँडबायमधल्या उपकरणाला जागे करू शकते, वीजच नसलेल्या उपकरणाला नाही. शिवाय टीव्ही आणि रिसिव्हर एकाच स्पाइक गार्डवर असतील आणि सकाळी एकाच बटणाने दोघांना वीज मिळत असेल, तर दोघेही एकाच वेळी सुरुवातीच्या तयारीत असतात आणि टीव्हीची विनंती रिसिव्हर ऐकण्याच्या स्थितीत येण्याआधीच निघून जाऊ शकते. टीव्ही इन्व्हर्टरवर आणि रिसिव्हर साध्या वीजजोडणीवर असेल, तर वीज गेल्यावर एकच जिवंत राहतो आणि वीज परतल्यानंतर दोघांचा एकमेकांबद्दलचा समज जुळेलच असे नाही. म्हणून तपासणीच्या आदल्या रात्री दोन्ही उपकरणे रिमोटनेच बंद करावीत, बोर्डावरची बटणे चालू ठेवावीत आणि सकाळी टीव्ही लावून पाहावे. रिसिव्हर सुरू झाला तर पुढचे फारसे काही करावे लागत नाही: एकतर बोर्डाची बटणे चालू ठेवावीत, नाहीतर आधी वीज देऊन मिनिटभर थांबून मग टीव्ही रिमोटने लावावा.

मागच्या बाजूला हात घालण्याची वेळ आली तर टॉर्च, चिकटपट्टी, पेन आणि मदतीला एक माणूस हाताशी ठेवावा. रिसिव्हर जड असतो, त्याच्या स्पीकरच्या तारा बहुधा उघड्या तांब्याच्या टोकांनी बसवलेल्या असतात, आणि तो कपाटातून ओढताना एखादी तार निसटून शेजारच्या टोकाला टेकली तर नवाच खर्च उभा राहतो. म्हणून हलवण्याआधी प्लग काढावा आणि मागचा फोटो घ्यावा. केबल टीव्हीच्या ज्या सॉकेटवर आर्क किंवा ई-आर्क असे छापलेले आहे त्यातच असली पाहिजे, आणि तिचे दुसरे टोक रिसिव्हरच्या इनपुटमध्ये नव्हे तर आर्क लिहिलेल्या आउटपुटमध्ये असले पाहिजे. दोन आउटपुट असलेल्या रिसिव्हरांत बहुधा पहिल्यावरच ही सोय मिळते. भिंतीतल्या पाइपातून गेलेली लांब केबल, मध्ये लावलेला स्प्लिटर, एक्स्टेंडर किंवा डीव्हीआय अडॅप्टर यांपैकी काहीही असेल तर त्याची नोंद करावी आणि चाचणीपुरती दीड-दोन मीटरची एक चांगली केबल आणून ठेवावी. ती महाग असण्याची गरज नाही. दुकानदार सोन्याचा मुलामा दाखवू लागला तर नम्रपणे नकार द्यावा.

इतर उपकरणांची यादीही हवी. सीईसीची तार सर्वांना सामाईक असल्याने एखादे बिघडलेले उपकरण ती अडवून धरू शकते आणि मग कोणाचाच निरोप कोणापर्यंत पोहोचत नाही. ध्वनिप्रणालीचा ५ हा पत्ता एकच असतो, त्यामुळे रिसिव्हरखेरीज एखादा साउंडबारही एचडीएमआयने टीव्हीला जोडून ठेवला असेल तर ज्याने आधी पत्ता घेतला तोच टीव्हीला दिसतो. लॅपटॉप किंवा साधा संगणक या खेळात सहसा नसतोच, कारण त्यांच्या ग्राफिक्स कार्डांत सीईसीची सोय क्वचितच असते. रास्पबेरी पाय हा छोटा हौशी संगणक मात्र सीईसी बोलू शकतो आणि तो घरात असेल तर त्यावरच्या सीईसी-क्लायंट या आज्ञेने तारेवरचे निरोप प्रत्यक्ष वाचता येतात. हौशी माणसासाठी यापेक्षा खात्रीचा पुरावा नाही.

सर्व उपकरणांचे पत्ते नव्याने ठरवून घेण्यासाठी वेळ राखून ठेवावा. सगळ्या एचडीएमआय केबल सोडवाव्यात, सर्वांचे प्लग काढून काही मिनिटे थांबावे, मग फक्त टीव्ही आणि रिसिव्हर जोडून आधी टीव्ही व नंतर रिसिव्हर सुरू करावा, आणि एवढ्यावर काम होत असल्याचे दिसले तरच बाकीची उपकरणे एकेक करून जोडावीत. प्रत्येक जोडणीनंतर टीव्ही रिमोटने बंद करून पुन्हा लावून पाहावे. जे जोडल्यावर खेळ बिघडतो त्याच्या स्वतःच्या मेनूत जाऊन सीईसी बंद करता येते. प्ले-स्टेशन आणि फायर टीव्ही स्टिक या दोघांतही असे बटण आहे. रिसिव्हर कारखान्यातल्या मूळ स्थितीत आणणे हा शेवटचा उपाय समजावा, कारण त्यात मायक्रोफोन लावून केलेले स्पीकरांचे मोजमाप, त्यांची अंतरे आणि इनपुटांची नावे पुसली जातात. तो करण्याआधी ही सगळी मूल्ये फोटो काढून किंवा रिसिव्हरमध्ये सोय असल्यास पेनड्राइव्हवर जतन करून ठेवावीत.

एवढे करूनही टीव्ही विनंती पाठवतच नसेल, तर दुसरा मार्ग कोणता याचा निर्णयही आधी करून ठेवलेला बरा. टीव्हीबरोबर वीज देणारा आपोआप चालणारा सॉकेट बहुतेक रिसिव्हरांना उपयोगी पडत नाही, कारण वीज मिळाली की ते सुरू न होता स्टँडबायमध्येच थांबतात. लॉजिटेकचे हार्मनी रिमोट या कामासाठी नावाजलेले होते, पण त्यांचे उत्पादन बंद करत असल्याचे कंपनीने २०२१मध्ये जाहीर केले. आता एका बटणावर अनेक इन्फ्रारेड आज्ञा सोडणारा दुसरा एखादा रिमोट शोधावा लागतो. तंत्रज्ञाला बोलवायचे ठरल्यास दोन्ही मॉडेल क्रमांक, दोन्हींच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, सेटिंग्जचे फोटो आणि फक्त दोनच उपकरणे जोडलेली असतानाचा चाचणीचा निकाल त्याच्या हाती द्यावा, आणि रिसिव्हर मूळ स्थितीत आणून झाला असल्यास तेही सांगावे, म्हणजे तो तेच काम पुन्हा करून त्याचे पैसे लावणार नाही.