योयोच्या स्पर्धेत दोरा गुंतला तर

स्टेजवर दोऱ्याला गाठ बसली की पोरं तिथंच ती सोडवत बसतात, आणि गाणं चालूच राहतं. सांगलीत भाच्याची तयारी घेताना जमलेली युक्ती अशी:

१. दुसरा योयो दोरा ओवून, गुंडाळून, बोटाचा फास तयार ठेवून उजव्या खिशात ठेवा.
२. दोन्ही दोरे एकाच मापाचे हवेत. दाराच्या चौकटीवर बेंबीच्या उंचीला पेन्सिलने खूण करा, जमिनीपासून तिथवर माप. (पोरगं वाढतंय, दर दोन महिन्यांनी खूण वर सरकते!)
३. नवा दोरा आदल्या संध्याकाळीच बांधा आणि तीसेक वेळा फेकून मुरवा. कोरा दोरा लगेच पीळ खातो.
४. गुंता झाला तर एकच झटका द्या. नाही सुटला, तर सरळ दुसरा काढा.

आंतरराष्ट्रीय नियमांत योयो थांबला तर १ गुण, बदलला तर ३ आणि हातातून किंवा दोऱ्यातून सुटून गेला तर ५ गुण जातात. स्थानिक आयोजकांचे नियम वेगळे असू शकतात, आधी विचारा.

जपा एवढंच: दोऱ्याचा फास विसविशीत दिसला तर तो दोरा टाकाच. धातूचा योयो पहिल्या रांगेत जाऊन आदळतो.