लहान मूल घेऊन पीजीला निघालात? या चुका टाळा

नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएसच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की चॉइस फिलिंग (कॉलेज-ब्रँचची पसंतीयादी भरणं) होईपर्यंत ओपीडी संपल्यावर माझ्याकडे मुली येत राहतात. कुणी पाचव्या महिन्यात, कुणाच्या कडेवर वर्षाचं पोर. मी रत्नागिरी जिल्ह्यात बाळंतपणं करते, त्यामुळे प्रश्न मला अर्धा आई म्हणून विचारलेला असतो, अर्धा डॉक्टर म्हणून. चुका मात्र दरवर्षी त्याच. लिस्ट लॉक झाल्यावर रडत येण्यापेक्षा आधी वाचा.

अंतर किलोमीटरमध्ये मोजणं

यासारखी महाग पडणारी दुसरी चूक मी पाहिलेली नाही. लांज्याकडच्या एका मुलीला घाटापलीकडचं कॉलेज मिळालं. मोबाइलवर आंबा घाटातून तीन-साडेतीन तास दाखवत होते. बाळ सात महिन्यांचं, सासूबाईंकडे. ठरलं असं की आठवडाभर दूध काढून होस्टेलच्या फ्रीजरला ठेवायचं आणि रविवारी बर्फाच्या डब्यातून घरी न्यायचं. जूनपर्यंत जमलं. जुलैत घाटात दरड आली आणि वाहतूक बंद झाली. अणुस्कुरा घाटाने जावं तर तिकडेही तीच भीती. गगनबावड्याचा वळसा घ्यायचा, तर रात्रभर ड्यूटी करून स्टिअरिंग धरायचं. लागोपाठ दोन रविवार ती घरी पोचली नाही.

त्यात गावाकडे वादळी पावसात विजेचे खांब पडले. फ्रीजरमधल्या पिशव्या, प्रत्येकीवर मार्करने तारीख आणि वेळ लिहिलेली, सगळ्या वितळल्या. सासूबाईंनी फोन केला, "परत गोठवलं तर चालेल काय गो?" चालत नाही. काढलेलं ताजं दूध खोलीच्या तापमानाला चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. गोठवलेलं एकदा फ्रीजमध्ये वितळलं की २४ तासांत संपवायचं, बाहेर आलं की तास-दोन तासांत. पुन्हा गोठवायचं नाही. तिला फोनवरून "ओतून टाका" सांगावं लागलं. त्या आठवड्यात ती सीट सोडायला निघाली होती. शेवटी हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवर खोली घेतली आणि सासूबाई बाळाला घेऊन तिकडे राहायला गेल्या. हेच प्रवेशाच्या दिवशी करता आलं असतं.

म्हणून मी कुणालाही आधी कॉलेजांची नावं लिहू देत नाही. कागदाच्या डोक्यावर एकच गोष्ट लिहायची: तुम्ही नाइटला असताना मूल कोणाजवळ झोपणार. मग त्या माणसाला लिस्टमधल्या एकेका गावाचं नाव घेऊन विचारायचं, "इथे येऊन राहाल का?" "आई बघेल ना, मॅडम" हे वाक्य मी फार ऐकलं आहे. आईला विचारलंत का? मार्च ते मे तिच्या दारात आंब्याच्या पेट्या भरायच्या असतात, जुलैत लावणी असते, घरात आजेसासू अंथरुणाला खिळलेली असते. ती नाही म्हणणार नाही, पण तिला जमेलच असंही नाही. आणि सगळ्यांना ठाऊक असून विसरली जाणारी गोष्ट: मुंबई-नवी मुंबईत मूल सांभाळणाऱ्या मावशी बऱ्याचदा आपल्याकडच्याच असतात. गणपतीत त्या गावी येणारच. त्या आठवड्याची सोय ऑगस्टच्या आधी करून ठेवा.

"रँक वाया जाईल" म्हणून वर टाकलेलं कॉलेज

रँक वाया जात नसते. तीन वर्षं अर्धवट सुटली तर ती वाया जातात. गरोदर आहे म्हणून सीट पुढच्या वर्षासाठी राखून मिळत नाही आणि मधेच सोडली तर बाँडचा (प्रवेशावेळी लिहून दिलेल्या हमीचा) दंड लाखांत असू शकतो. प्रवेशफेऱ्यांचे आणि दंडाचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून स्वतः वाचा. टेलिग्रामवर फिरणारी "टॉप टेन" यादी बनवणाऱ्याला तुमचं मूल माहीत नसतं. पैसे घेऊन लिस्ट भरून देणाऱ्यांबद्दल माझं मत याहून वाईट आहे.

"हलकी" ब्रँच शोधणं

हलकी ब्रँच नसते, हलकं युनिट असतं, आणि तेही एचओडी (विभागप्रमुख) बदलला की बदलतं. पॅथॉलॉजी म्हणजे निवांत असं समजून गेलेल्या मुली ग्रॉसिंगच्या (ऑपरेशनमध्ये काढलेले भाग कापून पाहण्याच्या) टेबलाशी फॉर्मॅलिनच्या वासात उभ्या असतात आणि ब्लड बँकेच्या रात्रीही करतात. रेडिओलॉजीला अपघाताचे सीटी रात्रीच येतात. ज्या विषयात पुढची तीस वर्षं काढायची तो विषय घ्या. मूल तीन वर्षांत शाळेत जाऊ लागतं. मुलासाठी आवडती सर्जरी सोडून दुसरं काही घेतलेल्या आणि पुढे त्या मुलावरच चिडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. घाईत, दोन दिवसांत, नातेवाइकांच्या दबावाखाली ब्रँच ठरवू नका.

रजेचा हिशेब परीक्षेशिवाय करणं

मातृत्व लाभ कायदा मूळचा १९६१ चा, आता त्याच्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कुणी वाचत नाही. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या पीजी नियमांत वर्षाला २० दिवस पगारी किरकोळ रजा, ५ दिवस शैक्षणिक रजा आणि सरकारी नियमांप्रमाणे प्रसूती रजा आहे. त्याच नियमांत ८० टक्के हजेरीची अटही आहे, आणि मंजूर रजेपेक्षा जास्त दिवस गेले तर तेवढी कोर्सची मुदत वाढते. मुदत थोडी जरी सरकली तरी परीक्षा हुकू शकते, मग पुढच्या परीक्षेपर्यंत थांबा, आणि त्यामागे बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्षही ढकललं जातं. रजा घेऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही. पूर्ण घ्या, टाके भरेपर्यंत आणि अंगावर पाजणं नीट जमेपर्यंत तर नक्कीच. बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत "मी ठीक आहे" म्हणत ड्यूटीवर आलेल्या मुलीचा मला राग येत नाही, तिला येऊ देणाऱ्या युनिटचा येतो. पण रजेची शेवटची तारीख, थीसिसची तारीख आणि परीक्षेचा सेशन एकाच कॅलेंडरवर लिहून ऑफिसला विचारा, "मी नक्की कोणत्या परीक्षेला बसणार?" डीएनबीचे (एमडी-एमएसच्या तोडीची दुसरी पदवी) रजेचे नियम वेगळे आहेत, ते एमडीच्या मैत्रिणीला विचारू नका.

बाकीच्या, थोडक्यात

चौकशी एचओडीकडे करणं. ते चांगलंच सांगणार. जेआर-वनला (पीजीच्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला) कँटीनमध्ये गाठा आणि विचारा: मागच्या वेळी कुणी गरोदर होती तेव्हा तिच्या कॉल-ड्यूटी कोणी केल्या?

"पाळणाघर आहे" या उत्तरावर थांबणं. रात्री उघडं असतं का, किती महिन्यांपासून घेतात आणि रेसिडेंटचं (पीजी करणाऱ्या डॉक्टरचं) मूल घेतात का, हे विचारा. कायदा ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक करतो, पण स्टायपेंडवरच्या रेसिडेंटला कर्मचारी धरायला कुरकुर होते.

जिल्हा रेसिडेन्सीचे तीन महिने विसरणं. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरला जिल्हा रुग्णालयात जावं लागतं. तेव्हा बाळ केवढं असेल?

लसी तपासायच्या राहून जाणं. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) आणि कांजिण्यांची लस गरोदरपणात देत नाहीत, आणि दिल्यावर महिनाभर तरी गर्भधारणा टाळायची असते. वॉर्डात शिरण्याआधी हे उरका.

सी-आर्मच्या (ऑपरेशन चालू असताना वापरायच्या एक्स-रे यंत्राच्या) पोस्टिंगला असताना गरोदरपण लपवणं. हे करूच नका. कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस जाऊ नये, अशी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे. तुम्ही कळवलंच नाही तर ती कोण पाळणार?

आणि तोंडी बोलण्यावर विसंबणं. "बाळ, काळजी करू नकोस, बघू आपण" असं एचओडी मनापासून म्हणतात, मग त्यांची बदली होते. ड्यूटी बदलून हवी असो, रजा असो, रेडिएशनची पोस्टिंग पुढे ढकलायची असो, अर्ज लेखी द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, आणि त्या प्रतीचा फोटो त्याच दिवशी नवऱ्याला पाठवून ठेवा.