उन्हाळी उत्खनन शिबिर: पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडावर चर खणताना

चर ५ मीटर बाय ५ मीटरचा आखा. कोपरे काटकोनात आहेत का, हे कर्ण मोजून तपासा, तो ७.०७ मीटर भरायला हवा. चारही बाजूंना २५ सेंटीमीटर माती न खणता सोडा, म्हणजे शेजारच्या चरांमध्ये अर्ध्या मीटरचा बांध उरतो. थरांचा पुरावा या बांधाच्या उभ्या छेदातच वाचता येतो, म्हणून त्याच्या कडेवर कधीही बसू नका.

कुदळ फक्त वरच्या विस्कटलेल्या मातीला. पुढे गवंड्याची थापी, आणि मातीचा रंग किंवा घट्टपणा बदलला की लगेच थांबा.

खरा घोळ काळी माती करते. उन्हात तिला खोल भेगा पडतात, वरचं खापर त्यांतून खालच्या थरात उतरतं आणि कालक्रम चुकतो. भेगेतलं खापर वेगळ्या पिशवीत ठेवा. थर ओळखू येईनासे झाले तर हलकं पाणी शिंपडा, रंग उठून दिसतात. प्रत्येक पिशवीत चर, थर, खोली, तारीख लिहिलेली चिठ्ठी हवीच.

घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेले दोन रांजण दिसले, तर हात आवरा: पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला जोर्वे काळातली (सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीची) बालकांची दफनं अशीच सापडली. आधी फोटो आणि आराखडा.