फायबरच्या जुन्या होडीचा कुजलेला ट्रान्सम कसा बदलावा

ट्रान्सम म्हणजे आउटबोर्ड इंजिन जिच्यावर टांगतात ती होडीच्या मागची उभी भिंत. जुन्या होड्यांत तिच्या दोन फायबर थरांमध्ये बहुधा प्लायवूड असते. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपते आणि हे प्लायवूड आतल्या आत कुजते.

आधी हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. टणक आवाजाऐवजी भद्द आवाज आला की संशय घ्या. इंजिन खालून धरून हलवा. ट्रान्सम लवतो का पाहा. मग आतून दोनचार बारीक भोके पाडा. भुसा काळा, ओला निघाला तर लाकूड गेले. भोकांतून इपॉक्सी (दोन द्रव मिसळले की कडक होणारा चिकट राळ) ओतून ओले लाकूड सुधारत नाही, ते काढावेच लागते.

इंजिन उतरवा, होडीला खालून भक्कम आधार द्या. नाहीतर लाकूड निघताच आकार बिघडतो. कडेने ५ ते ७ सेंमीची पट्टी सोडून आतला थर कापा. बाहेरच्या थराला पाते लागू देऊ नका. कुजके लाकूड पटाशीने काढून फायबर ग्राइंडरने घासा. फायबरमधल्या काचेची धूळ फार वाईट, त्यामुळे मास्क, चष्मा, हातमोजे हवेतच. नंतर सगळे पूर्ण सुकू द्या. कितीही दिवस लागोत, ओलीवर काम करू नका.

पुठ्ठ्याचा साचा घेऊन मरीन प्लाय (पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचे प्लायवूड) कापा. मूळ जाडी मोजा. बऱ्याचदा १८ मिमीचे दोन तुकडे चिकटवून ती साधते. दोन्ही बाजूंना पातळ इपॉक्सी लावा. कडा सर्वांत जास्त पाणी पितात, म्हणून त्या शोषणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा भिजवा. मग सिलिकाची बारीक पूड घालून उभ्या भिंतीवरून न ओघळण्याइतके घट्ट केलेले इपॉक्सी दातेरी पत्र्याने पसरून प्लाय बसवा. शिकंजे बेताने आवळा; सगळे इपॉक्सी बाहेर पिळून निघाले तर सांधा उपाशी, म्हणजे कमजोर राहतो. इपॉक्सी थोडे थोडेच कालवा, भांड्यात साठले की ते तापते.

कोपरे त्याच घट्ट इपॉक्सीने गोलसर भरा. जुन्या फायबरची कड जाडीच्या सुमारे १२ पट लांब उतार देऊन घासा आणि वर काचेच्या कापडाचे थर चढवा. जुन्या फायबरवर इपॉक्सी पॉलिएस्टर राळेपेक्षा घट्ट धरते. थर सुकल्यावर पृष्ठभाग चिकट वाटला तर पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा थर द्या.

शेवटी बोल्टची भोके मोठी पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, ते कडक झाल्यावर त्यात नेमक्या मापाचे भोक पाडा. बोल्ट आता लाकडाला शिवतच नाही. सीलंट लावून इंजिन चढवा.